कुपीतील विकर आणि रुग्णाचे औषध

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत वाराणसी येथे दिलेले व्याख्यान)



काशीच्या मराठी समाजाला पोथीचे मोल सांगावयास नको. पैठणचे रामेश्वरभट्ट येथे येऊन स्थायिक झाले आणि त्यांच्याच कुळातील गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य केले. अशा घराण्यांनी ग्रंथ जतन केले ते नकला करकरून. आजचा आमचा विषयही एका नकलेचाच आहे. मानवी शरीरातील विकर, म्हणजे एन्झाइम, परक्या पेशीकडून कसे घडवून घेतात आणि त्याचा उपयोग कोठवर होतो, हे आम्हांस सांगावयाचे आहे.

भाताचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो. लाळेतील विकर पिष्टाचे शर्करेत रूपांतर करते, त्याचा हा प्रत्यय. शरीरात अशी हजारो विकरे आहेत. ती प्रथिने असून प्रत्येकाच्या रचनेचा पाठ जनुकात लिहिलेला असतो. या लेखनाची लिपी सर्व सजीवांत जवळजवळ एकच आहे. याच काशी हिंदू विश्वविद्यालयात लालजी सिंह यांनी सापांच्या गुणसूत्रांवर संशोधन केले. पुढे पट्टेरी मण्यारीच्या डीएनएपासून मिळालेला शोधक अंश त्यांनी माणसांची ओळख पटविण्याच्या कामी आणला. २०११ ते २०१४ या काळात ते येथील कुलगुरूही होते.

लिपी एकच असल्यामुळे मानवी जनुक जिवाणूलाही वाचता येते. १९७३ साली कोहेन आणि बॉयर यांनी डीएनएचे तुकडे जोडून ते जिवाणूत वाढविण्याची रीत सिद्ध केली. मानवी जनुकाची प्रत डीएनएच्या लहान वलयात जोडतात आणि ते वलय ई. कोलाय या जिवाणूत सोडतात. अनुकूल स्थितीत हा जिवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. रात्रभरात प्रथिनाचा साठा तयार होतो. मग पेशी फोडून, प्रथिनाला मुद्दाम जोडलेल्या शेपटीच्या आधारे ते वेगळे काढतात, त्याची शुद्धता व क्रियाशीलता तपासतात आणि अतिशीत तापमानात ठेवतात. कुपीत अनेकदा अवघे काही मायक्रोग्रॅम असतात.

परंतु परक्या घरी सर्व संस्कार होतातच असे नाही. कित्येक मानवी प्रथिनांवर शर्करेच्या साखळ्या चढवाव्या लागतात. आपला नेहमीचा प्रयोगशाळेतील ई. कोलाय ते काम करीत नाही. कधी प्रथिनाची घडीच चुकते आणि ते निरुपयोगी गोळ्याच्या रूपात साचते. पाठ बरोबर, पण पठण सदोष, असा हा प्रकार होय.

गोशे रोगाचे उदाहरण घ्यावे. ग्लुकोसेरेब्रोसिडेझ हे विकर कमी पडल्याने एक स्निग्ध द्रव्य पेशींत साचते. प्लीहा व यकृत वाढतात, रक्त कमी होते, हाडे दुखतात. या विकाराचे मूळ विकराच्या उणिवेत असल्याचे रॉस्को ब्रॅडी यांनी १९६५ च्या सुमारास दाखविले. १९९१ मध्ये मान्य झालेले औषध मानवी वारेपासून काढीत असत. १९९४ मध्ये हॅम्स्टर या प्राण्याच्या पेशींत घडविलेले विकर आले आणि २०१२ मध्ये गाजराच्या पेशींत घडविलेलेही अमेरिकेत मान्य झाले. शर्करेच्या साखळ्यांना योग्य रूप दिल्यावरच रोगग्रस्त पेशी ते विकर आत घेतात. ते सामान्यतः दर पंधरवड्यास शिरेतून द्यावे लागते.

आता मुद्द्याचे. प्रयोगशाळांना विकल्या जाणाऱ्या कुपीवरही त्याच विकराचे नाव असते आणि खाली लिहिलेले असते: केवळ संशोधनासाठी. आजारी मुलाच्या आईबापांना नाव तेच दिसते, म्हणून आशा वाटते. ती आशा आम्ही समजू शकतो. पण त्या कुपीतील द्रव्याची निर्जंतुकता, त्यातील जिवाणूजन्य विषारी अंश, मात्रा आणि शरीरातील परिणाम ही औषधाच्या कसोटीवर तपासलेली नसतात. ते शिरेत देणे प्राणघातक ठरू शकते. त्याचे काम निराळे, आणि तेही थोर आहे: नवे रसायन विकराला रोखते की बळ देते हे पाहणे, रुग्णाच्या बदललेल्या विकराशी निर्दोष विकराची तुलना करणे. उद्याच्या औषधाची वाट तेथूनच जाते.

म्हणून घरात असा आजार असल्यास बाटलीचा शोध न घेता तज्ज्ञाचा शोध घ्यावा. भारत सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ रोग धोरणात नेमलेल्या केंद्रांत लखनऊची संजय गांधी संस्था आणि मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आहे. धोरणात बसणाऱ्या रुग्णास केंद्रामार्फत पन्नास लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची तरतूद २०२२ मध्ये झाली. आयुष्यभराच्या उपचारास ती रक्कम अपुरी पडते, हेही खरे. औषध स्वस्त व्हावयाचे तर ते घडविणारे हात आपल्या देशात वाढले पाहिजेत. आपल्या मुलामुलींपैकी काहींनी या कामाकडे वळावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.