टाकळीचे शंख आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय



ख्रिस्ती साहित्यिकांच्या मेळाव्यात अध्यक्षाने मासिकांच्या घटत्या वर्गणीदारांबद्दल हळहळावे, असा रिवाज आहे. तो आज मी मोडतो. नागपुरात बोलायला विषय पायाखालीच पडलेला आहे.

सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड आपण सगळ्यांनी पाहिला आहे. दख्खनचा हा लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. तो एका दमात आला नाही. एक थर यायचा, निवायचा, त्यावर पाणी साचून तळी व्हायची, तळ्यांत गोगलगायी वाढायच्या, काठाला झाडे उगवायची आणि मग पुन्हा लाव्हा. दोन थरांमध्ये दबलेला असा गाळ टाकळीच्या माळावर ज्यांनी उकरून तपासला, ते दोघेही धर्मोपदेशक होते : रेव्ह. स्टीफन हिस्लॉप आणि रेव्ह. रॉबर्ट हंटर. हिस्लॉप 1845 मध्ये, भोसल्यांचे राज्य असतानाच, स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे इथे आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. नागपूर परिसराच्या भूगर्भावर या दोघांनी लिहिलेला निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात 1855 मध्ये छापून आला. त्यात टाकळीचे शंख आहेत, बिया आहेत, कीटक आहेत. दक्षिणेकडे मांगलीला मिळालेली एका उभयचर प्राण्याची कवटी त्याच सुमारास रिचर्ड ओवेन यांनी अभ्यासली आणि त्या प्राण्याला ब्रॅकिऑप्स हे नाव दिले. हा प्राणी आपल्या काळ्या दगडाहून कितीतरी जुना. आणि हे सगळे डार्विनचा ग्रंथ येण्याच्या चार वर्षे आधी!

हिस्लॉप ज्या चर्चचे, तिथे पृथ्वी फार जुनी आहे या गोष्टीने कोणाची झोप उडाली नव्हती. त्या चर्चचे धुरीण टॉमस चाल्मर्स म्हणत, उत्पत्तीच्या पहिल्या दोन वचनांच्या मध्ये वाटेल तेवढा काळ गेला असेल. ह्यू मिलर हा पाथरवटाचा भूवैज्ञानिक आणि संपादक झालेला माणूस. त्याच्या मते एकेक दिवस म्हणजे एकेक युग. दोघांचाही हेतू प्रामाणिक होता. पण हा मेळ मला पटत नाही. दर पिढीत विज्ञान पुढे सरकते आणि दर पिढीत आपण वचनांना नव्या बाजूने ओढतो. अशाने ना विज्ञान नीट शिकले जाते, ना शास्त्र नीट वाचले जाते.

आता साहित्याचे वाचक म्हणून तो अध्याय उघडा. पहिल्या दिवशी प्रकाश आणि चौथ्या दिवशी सूर्य. दुसऱ्या दिवशी अंतराळ व जल, पाचव्या दिवशी त्यांत पक्षी आणि मासे. तिसऱ्या दिवशी कोरडी भूमी, सहाव्या दिवशी तिच्यावर पशू आणि माणूस. तीन दिवस घर बांधायचे, तीन दिवस ते भरायचे. दुसऱ्या अध्यायात तर क्रमच निराळा : मनुष्य आधी, बाग आणि प्राणी नंतर. ज्यांनी हे दोन अध्याय शेजारी ठेवले, त्यांना हा फरक दिसला नसेल? ही घटनाक्रमाची नोंदवही नव्हे, ही उपासनेची रचना आहे. सूर्य-चंद्र हे देव नाहीत, देवाने टांगलेले दिवे आहेत, हे ती सांगते. ते खोटे ठरवायला कोणता जीवाश्म पुरेल? संत ऑगस्टिनने पाचव्या शतकातच बजावले होते की निसर्गाच्या गोष्टींत ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावाने अडाणी बडबड केली, तर बाहेरचे हसतात आणि पुनरुत्थानाबद्दलही त्याचे ऐकत नाहीत.

आपल्या कॅथलिक बांधवांनी हा प्रवास जरा शिस्तीने केला : 1950 मध्ये पोप पायस बारावे यांनी मानवी देहाच्या उत्क्रांतीवर चर्चेची मुभा दिली, 1996 मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही केवळ कल्पना राहिलेली नाही असे मान्य केले. गंमत पाहा, आपल्या सेमिनरी हिल्सवर पुरोहित घडवणारी सेमिनरी आहे आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालयही आहे. टेकडी खचलेली नाही.

पण सहा दिवसांचा प्रश्न सोपा आहे. खरी अडचण मरणाची. आदामाच्या पापाने मरण जगात आले, असे पौल रोमकरांस लिहितो. आणि टाकळीचे शंख तर माणूस जन्मण्याच्या कोट्यवधी वर्षे आधी मेलेले. उत्क्रांतीत मरण हा अपघात नाही, तिची रीतच ती आहे. मी पौलाचे मरण देवापासून तुटणे या अर्थाने वाचतो. माणसाला जाणीव आली, तेव्हाच असे तुटणे शक्य झाले. तरीही लाव्ह्याखाली गेलेल्या त्या जिवांचे काय, हा प्रश्न उरतो. प्रीतीच्या देवाने इतका लांब आणि इतका वेदनेचा मार्ग का घेतला? याचे गुळगुळीत उत्तर देणाऱ्या पुस्तिकांपेक्षा ईयोबाचे भांडण मला अधिक ख्रिस्ती वाटते. या प्रश्नातून खुद्द हिस्लॉपही सुटले नाहीत : 1863 मध्ये ते टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या ओढ्यात बुडाले.

त्यांच्या कागदपत्रांत गोंडांचे लिंगोगीतही होते. इंग्रज प्रशासक रिचर्ड टेंपल यांनी ते 1866 मध्ये प्रसिद्ध केले. दुसऱ्यांची उत्पत्तिकथा टिपून ठेवण्याइतके मोल या मिशनरीला वाटले. आपण मात्र आपलीच कथा प्रश्नपत्रिकेसारखी सोडवत बसलो.

2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. आपल्यातल्या काहींना तेव्हा मनातून बरे वाटले, हे मला ठाऊक आहे. मला ते बरे वाटले नाही. आपल्या संडे स्कूलची मुले पुढे मेडिकलला, बायोटेकला जातात आणि वसतिगृहात एका रात्रीत ठरवतात की एक तर पाळकसाहेब खोटे, नाहीतर प्राध्यापक. त्यांच्या हाती देण्यासारखे एक मराठी पुस्तक हवे. भूवैज्ञानिक, जीवशास्त्राचे शिक्षक आणि ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक अशा तिघांनी ते मिळून लिहावे आणि पहिले प्रकरण सहा दिवसांवर नको, मरणावर असावे. तसा ठराव दुपारच्या सत्रात मी मांडणार आहे. विरोध असेल त्यांनी जरूर बोलावे.