पंधरावा पावसाळा
(रेडिओवरील भाषण)



रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन. आपल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही आळीत चाकरमानी सुट्टीवर आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय रे, कायमचा कधी येतोस?" तोही हसत सांगतो, "अजून चार वर्षं आहेत." ही चार वर्षं ठरवली कुणी? बहुतेक वेळा कंपनीच्या नियमानं. अठ्ठावन्न पूर्ण झाली की निरोप समारंभ, शाल, श्रीफळ आणि घरी. पण कंपनीची तारीख कंपनीच्या सोयीची असते. आपल्याला परवडणारी तारीख तिच्या अलीकडे असेल किंवा पलीकडे, आणि ती शोधायला कागद, पेन्सिल आणि स्वतःशी थोडा कठोरपणा लागतो. आज तोच हिशेब मांडून बघू.

आधी पेन्शनचं पाहू. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ सालचा. तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, आपल्याच जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले. (त्यांनी स्वतः साठाव्या वर्षी, १९५६ साली, मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडलं आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठ अशी कामं करत राहिले. तसली दुसरी खेळी आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला येते.) त्या कायद्यानं निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसे मिळू लागले. दरमहा पेन्शन यायला मात्र नोव्हेंबर १९९५ उजाडला. तिचं सूत्र शाळकरी पोरालाही सुटेल असं आहे: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. मेख आहे ती 'धरलेल्या' पगारात. हातात पन्नास हजार येत असले तरी बहुतेकांच्या बाबतीत सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपयेच धरले जातात, आणि त्याआधीच्या वर्षांना ६,५००. त्यामुळे १९९५ पासून तीस वर्षं इमानेइतबारे राबलेल्या माणसाच्या पदरात महिन्याला साडेचार-पाच हजार पडतात. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी, तितके चार-चार टक्के कापले जातात. उलट साठीपर्यंत थांबलात तर वर्षाला चार टक्के वाढतात.

आणि एकदा सुरू झालेली ही पेन्शन महागाईबरोबर हलत नाही. शेजारचे निवृत्त तलाठी किंवा गुरुजी आपल्या पेन्शनबद्दल बोलतात तेव्हा तिला महागाई भत्ता जोडलेला असतो. त्यांचं ऐकून आपला हिशेब करू नये.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एक गृहस्थ आहेत अठ्ठावन्न वर्षांचे, पत्नी त्रेपन्नची. नांदगावला वडिलोपार्जित घर आहे, त्यामुळे भाडं नाही. मुलं मार्गी लागली. दोघांचा सगळा खर्च, म्हणजे किराणा, मासळी, वीज, गॅस, औषधं, लग्नकार्याची देणी-घेणी, गणपती, सारं धरून महिना २५,०००. फंड, ग्रॅच्युइटी आणि साठवलेलं मिळून ३० लाख हातात. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका माणसाला नेमके ३० लाखच ठेवता येतात. साठीच्या आत असाल पण पंचावन्न पूर्ण होऊन निवृत्त झाला असाल, तरी ठरलेल्या मुदतीत पैसे भरता येतात. एप्रिल २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के चालत आलाय. व्याज महिन्याकाठी २०,५०० पडतं. पेन्शनचे ५,००० मिळवा. झाले २५,५००. खर्च २५,०००. वर पाचशे रुपये शिल्लक!

इथे आपले गृहस्थ राजीनाम्याचा कागद शोधायला लागतात. मी त्यांना थांबवेन. हा हिशेब निवृत्तीच्या पहिल्या पावसाळ्याचा झाला. मला पंधरावा पावसाळा दाखवा.

महागाई आपण वर्षाला सहा टक्के धरू. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य चार टक्क्यांचं आहे आणि सहा ही वरची मर्यादा. पण म्हातारपणी खर्चात औषधाचा वाटा वाढत जातो आणि दवाखान्याची बिलं वाण्याच्या बिलापेक्षा वेगानं चढतात, म्हणून सहाच बरे. सहा टक्क्यांनी कुठलाही खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे हे गृहस्थ सत्तरीला आले की त्याच किराण्याला, त्याच मासळीला महिना ५०,००० लागणार, आणि व्याज-पेन्शन मिळून येणार तेच साडेपंचवीस, तेही व्याजदर तोवर टिकला तर. मग मुद्दलाला हात घालावा लागतो. मुद्दल कमी झालं की व्याज कमी, व्याज कमी झालं की मुद्दल आणखी जास्त काढायचं. मी वर्षावर्षाचा तक्ता मांडून पाहिला. पहिली चार-पाच वर्षं तीस लाखांतून फारसं काही कमी झाल्यासारखं वाटतच नाही. दहाव्या वर्षाअखेर रक्कम निम्म्यावर येते. तेराव्या वर्षी तळ दिसतो आणि चौदाव्या वर्षी खातं संपतं. गृहस्थांचं वय एकाहत्तर, पत्नीचं सहासष्ट.

त्यांना पंचवीस वर्षं पुरतील एवढे पैसे हवे असतील तर आज तीस नव्हे, पन्नास-पंचावन्न लाख लागतील. हा आकडा ऐकून घाबरायला होतं, मान्य आहे. पण याच तक्त्यात दोन दिलाशाच्या गोष्टीही आहेत. एक, हेच गृहस्थ तीन वर्षं आणखी कमावते राहिले, तीस लाखांचं व्याज तसंच साठू दिलं आणि वर्षाला लाखभर बाजूला टाकले, तर तीन वर्षांची नोकरी पैशाला पाच वर्षं पुढे नेते. एकाहत्तरला संपणारी पुंजी शहात्तरपर्यंत पुरते. दुसरी, नोकरी नको झाली असेल तरी महिन्याला चार हजारांचं असं उत्पन्न शोधा जे भावाबरोबर वाढत जाईल. त्यानंही पुंजी जवळपास तीन वर्षं जास्त टिकते. चार हजार हा आकडा मुंबईत क्षुल्लक, पण गावात मिळण्यासारखा.

वाडीचा विचार इथेच येतो. नारळाचा, सुपारीचा भाव महागाईबरोबर कमी-जास्त वर सरकतो, पेन्शन सरकत नाही. म्हणून पाच-पन्नास माड आणि श्रीवर्धनची रोठा सुपारी यांची किंमत बँकेच्या पासबुकापेक्षा वेगळी धरली पाहिजे. पण वाडीला पेन्शन समजणाऱ्यांनी ३ जून २०२० हा दिवस विसरू नये. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याकडच्या वाड्या दुपारभरात आडव्या झाल्या. सुपारी धरायला लावल्यापासून पाच-सात वर्षं लागतात, माडालाही साधारण तितकीच. साठाव्या वर्षी ज्याची वाडी पडली, त्यानं नवी रोपं लावली तरी पुन्हा उत्पन्न हाती येईतो तो सदुसष्टचा. मधली वर्षं खायचं काय? घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्यांचंही तसंच. काशीद-दिवेआगरला शनिवार-रविवारी गर्दी असते, पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत आणि पाहुणेही येत नाहीत. तेव्हा वाडी आणि खोल्यांचं उत्पन्न वर्षाच्या आठच महिन्यांचं धरा, आणि दोन वर्षांचा खर्च भागेल इतकी रक्कम कधीही काढता येईल अशी वेगळी ठेवा.

"जमीन आहे की, वेळ आली तर विकू," हेही वाक्य फार ऐकू येतं. अलिबागच्या पट्ट्यात मुंबईच्या श्रीमंतांनी जमिनीचे भाव कुठल्या कुठे नेले, त्यामुळे कागदावर आपण सगळे लखपती-कोट्यधीश. पण सातबारा काढून बघा. आजोबांच्या नावानंतर चुलते, आत्या, त्यांची मुलं, परदेशी गेलेला एखादा पुतण्या. अख्खी जमीन विकायची तर या सगळ्यांच्या सह्या, नाहीतर आधी वाटणी आणि मोजणी. सह्या जमेपर्यंत पंधरावा पावसाळा येऊन गेलेला असतो. वाटण्या करायच्या असतील तर त्या नोकरीत असताना, अंगात कोर्टाच्या पायऱ्या चढायची ताकद असताना कराव्यात.

आणि पैसा ठेवायचा कुठे, याचा धडा तर आपल्याच जिल्ह्यानं मोठी किंमत देऊन घेतलाय. २०१० साली पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबले, घोटाळा बाहेर आला आणि छोटे ठेवीदार वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले. तेव्हा ठेवीला विम्याचं संरक्षण होतं फक्त १ लाखाचं. फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाखांचं झालंय. अर्धा टक्का जास्त व्याजासाठी सगळी ग्रॅच्युइटी एका खात्यात घालणाऱ्याला माझं काही सांगणं नाही. त्यानं पेणला जाऊन कुणाही जुन्या ठेवीदाराला विचारावं.

हे सगळं बोलतोय ते फंड मिळणाऱ्यांसाठी. कोळीवाड्यात निवृत्तीची तारीखच नसते. हात थकले की होडी पोराकडे जाते आणि बाप दारात बसून जाळी दुरुस्त करतो. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये मिळतात, तेही अर्ज मंजूर झाला तर. अटल पेन्शन योजना २०१५ पासून आहे, पण तिचीही गंमत ऐका. तेव्हा अठराव्या वर्षी जो पोरगा पाच हजारांच्या पेन्शनसाठी भरती झाला, त्याला पैसे मिळायला लागतील २०५७ साली. सहा टक्के महागाई धरली तर त्या वेळचे पाच हजार म्हणजे २०१५ चे चारशे-साडेचारशे. योजना वाईट नाही. पण पाच हजार हा शब्द ऐकून निश्चिंत होऊ नये.

आणि काही जणांना तारीख निवडताच येत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कोकणातली कितीतरी माणसं चाळिशी-पंचेचाळिशीतच ट्रंका घेऊन गावाला परतली. आजही कारखाना बंद होतो, कंत्राट संपतं, पाठ धरते. म्हणून हा हिशेब सत्तावन्नाव्या वर्षी काढायचा नसतो. पन्नाशीला काढायचा, म्हणजे मधे काही झालं तरी आपण कुठे उभे आहोत हे ठाऊक असतं.

राहिला दवाखाना. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात. चांगलंच झालं. पण कार्ड खिशात असून रुग्णालय लांब असेल तर काय? श्रीवर्धनहून मुंबई पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढेच. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते. रात्री छातीत दुखायला लागलं तर गाडी, चालक आणि सोबत जाणारा तरुण माणूस, या तिघांची सोय आधी लागलेली हवी आणि तिचे पैसे हिशेबात हवेत.

आता ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही ते बोलतो. मघाच्या उदाहरणातले गृहस्थ एकाहत्तराव्या वर्षी गेले असं समजा. बहुतेक घरांत बायको नवऱ्यापेक्षा वयानं लहान असते आणि मागे राहते. त्यांच्या पाच हजारांच्या पेन्शनपैकी तिला निम्मी, अडीच हजार मिळणार. पुंजी संपत आलेली. घर चुलत्यांच्या सामायिक सातबाऱ्यावर. माडावर चढायला गडी मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी झेपत नाही. पंधरावा पावसाळा खरं तर तिचा आहे, आणि तारीख ठरवताना तिला कुणी विचारलेलंच नसतं. कागद-पेन्सिल घेऊन बसाल तेव्हा शेजारी तिला बसवा. घरात महिन्याला खरोखर किती लागतं, हे निम्म्या घरांत तिलाच ठाऊक असतं. तुम्ही सांगितलेल्या पंचवीस हजारांवर ती बहुधा हसेल.

आणि तारीख पक्की करण्याआधी एकदा जुलैत गावी येऊन राहा. आपण सगळे गाव बघतो ते मे महिन्यात, नाहीतर गणपतीत. आंबे असतात, माणसं असतात, मुंबईची पोरं असतात. जुलैत महिनाभर राहा, दोघंही, आणि ठरवलेल्या पंचवीस हजारांतच राहा. दोन-दोन दिवस वीज नसेल, कौलं गळतील, मासळी मिळाली तर महाग असेल, गुडघे दुखतील आणि डॉक्टर तालुक्याला असेल. महिन्याच्या शेवटी वहीत आलेला आकडा घ्या आणि त्यावरून तक्ता पुन्हा मांडा. तो तेराव्या वर्षी संपत असेल तर साहेबांना भेटून दोन-तीन वर्षं वाढवून मिळतील का, अर्धवेळ काम आहे का, हे विचारायला लाजू नका. आणि आकडा पुरत असेल, तिचीही मान डोलली असेल, तर अठ्ठावन्नचीही वाट बघायचं कारण नाही. आळीतल्या त्या प्रश्नाला तारखेसकट उत्तर द्या.