घरी सांगितलं, शिबिर आहे
(गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

सकाळपासून आपण पोटगी, रेशन, पोलीस चौकी यांवर बोललो. मला मात्र सहलीवर बोलायला सांगितलंय. सहल हा काय चळवळीचा विषय झाला, असं काहींच्या मनात आलं असेल. मलाही आधी तसंच वाटायचं.

गेल्या दिवाळीत, भाऊबीज उरकल्यावर, आम्ही एकोणीस जणी कळसूबाईला गेलो. दिवाळीची सुट्टी असं आपण म्हणतो, पण ती मुलांची आणि नोकरदारांची. बाईची सुट्टी फराळाचे डबे घासून झाल्यावर सुरू होते, आणि तोवर शाळा उघडायला आलेली असते. आमच्यातल्या अकरा जणींनी घरी ‘शिबिर आहे’ असं सांगितलं होतं. नुसतं ‘फिरायला जाते’ म्हणायची हिंमत झाली नाही. त्या अकरांत मीही होते. ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असं गावोगाव सांगत फिरणारी मी!

कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून जीप, आणि अकोले तालुक्यातल्या बारी गावातून चढायला सुरुवात. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. वाट दाखवायला गावातल्याच एक मावशी आल्या, महादेव कोळी समाजातल्या. कासोटा घातलेलं लुगडं, पायात साधी चप्पल. आमच्यातल्या निम्म्याजणी नवे बूट घालून धापा टाकत होत्या.

खाली पानही हलत नव्हतं. वर धारेवर आलो आणि वाऱ्याने गाठलं. डोंगर आडवा आला की वारा त्यावरून चढून जातो आणि माथ्याजवळ त्याचा वेग वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. हे मी वाचलं होतं, पण अंगावर घेतलं नव्हतं. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. त्यातल्या एकीवर आमच्या एका मैत्रिणीची ओढणी कठड्यात अडकली आणि गळ्याशी आवळली. मागच्या दोघींनी ती सोडवली. त्यानंतर सगळ्यांनी ओढण्या आणि पदर कमरेला घट्ट बांधले.

शेवटच्या शिडीशी मावशी थांबल्या. म्हणाल्या, “आज वर नको.”

मला राग आला. माथा समोर दिसत होता. मी बोलून गेले, “बायका म्हणून आपण लगेच घाबरतो. पुरुषांचा गट असता तर परत फिरला असता का?”

तेव्हा आमच्यातली एक, चार घरची धुणीभांडी करणारी, म्हणाली, “ताई, तुम्हाला काही झालं तर लोक म्हणतील, अपघात झाला. मला झालं तर म्हणतील, गेलीच कशाला? मग आमच्या चाळीतली एकही बाहेर पडणार नाही.”

आम्ही एका खडकाच्या आडोशाला बसलो. प्रत्येकीने आपलं म्हणणं सांगायचं, मधे कुणी बोलायचं नाही, असं ठरलं. चौघींना वर जायचं होतं, पंधराजणींना नाही. त्या चौघींत मी होते. आम्ही परतलो. मावशी घाबरल्या नव्हत्या. त्यांना त्या डोंगराचा अंदाज होता. आणि त्या अंदाजाला मी बायकी भीती म्हणून मोकळी झाले होते. हीच भाषा आपल्याला घरी ऐकवली जाते, आणि मी ती तिथे वापरली.

उतरताना मावशींनी कळसूची गोष्ट सांगितली. ती एका पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एकदा पाहुणे आले आणि तीच कामं तिच्यावर लादली. तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला ती काळदरा. मग ती डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली.

आमची मैत्रीण म्हणाली, “तिला निदान जायला डोंगर होता. माझ्या घरांत पाहुणे आले की मी दुसऱ्या दिवशी परत जाते.”

मैत्रिणींनो, घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला. त्यात नोंदणी आहे, पण आठवड्याच्या सुट्टीचा हक्क नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली केलेल्या १८९ क्रमांकाच्या करारात आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती म्हटली आहे. भारताने तो करार अजून स्वीकारलेला नाही. म्हणून सहल हा चळवळीचा विषय आहे. जिला सुट्टी मागता येत नाही, तिला खोटं बोलून बाहेर पडावं लागतं. आणि खोटं बोलून बाहेर पडलेलीला पाय घसरण्याचीही मुभा नसते.

परतीच्या लोकलमध्ये आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. जिचा खाडा होईल तिचा रोज गटाच्या पेटीतून द्यायचा. सगळ्यांत हळू चालणारीने पुढे चालायचं. आणि घरी खरं सांगायचं.

यंदा पुन्हा जाणार आहोत. मी परवाच घरी सांगून टाकलं, “फिरायला चाललेय.” दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. पण जाणार आहे. तुमच्यापैकी कोण कोण येतंय, ते जेवणाच्या सुट्टीत नाव लिहून द्या.