मेसेज गेला, पण पोचला का?

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीहून मी तुमच्याशी बोलतेय.

मागच्या पावसाळ्यात मी दिवसभर सोयाबीनवर फवारणी केली. संध्याकाळी पावसाची जोराची सर आली आणि सगळं औषध धुऊन गेलं. औषधाचे पैसे गेले, मजुरीही गेली. रात्री आमचे मालक परभणीहून आले तेव्हा कळलं की 'पाऊस येणार आहे, फवारणी थांबवा' असा मेसेज सकाळीच त्यांच्या मोबाईलवर आला होता. पाठवणाऱ्याच्या हिशोबात आमच्या घरी माहिती पोचली होती. ते खोटंही नव्हतं. पण मोबाईल त्यांच्या खिशात होता आणि पंप माझ्या पाठीवर.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसलाय. माहिती पोचली की नाही, हे ओळखायचं कसं?

अभ्यास करणारी माणसं यासाठी दोन वाटा धरतात. एक मोजायची: किती जणांना मिळालं, किती खर्च आला. तिला संख्यात्मक म्हणतात. दुसरी बसून ऐकायची, बघायची: का मिळालं नाही, मिळालं तर त्याचं काय केलं. तिला गुणात्मक म्हणतात. नावं जड आहेत, पण आपण घरात दोन्ही करतोच. दूध किती निघालं ते मापानं कळतं. का आटलं ते म्हशीजवळ गेल्यावर कळतं.

आता एक आकडा ऐका. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात १०० बायांमागे साधारण ४७ जणींकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. हा आकडा मोलाचा आहे. निम्म्याहून जास्त बाया बाहेरच राहिल्या, हे तो ठणकावून सांगतो. पण रिचार्ज कोण ठरवतं, दिवसभर मोबाईल कुणाच्या हातात असतो, अनोळखी फोन उचलला तर घरात काय बोलतात, हे त्या ४७ मध्ये दिसत नाही. त्यासाठी बाईजवळ बसावं लागतं.

हे आपल्याच राज्यात एकदा नीट दिसलं. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा भागात ७० गावांसाठी ५४ संगणक केंद्रं उभी राहिली. शेतकऱ्याला बाजारभाव, पिकाची माहिती गावातच मिळावी, असा विचार होता. नुसती केंद्रं मोजली असती तर काम फत्ते म्हटलं असतं. काही वर्षांनी संशोधक तिथं गेले. केंद्रांवर काय चालतं ते पाहिलं, केंद्र चालवणाऱ्यांशी आणि शेतकऱ्यांशी बोलले. संगणकावर मुख्यतः साखर कारखान्याचंच काम चालत होतं: उसाच्या नोंदी, वजन, खताचा हिशोब. मग त्यांनी खर्च मांडला आणि विचार केला, एवढ्या कामाला साधा मोबाईल पुरेल का? सात गावांत आठ महिन्यांहून जास्त काळ एसएमएसवर तेच काम करून पाहिलं. ते स्वस्त पडलं आणि शेतकऱ्यांना आवडलंही. पाहण्या-बोलण्यातून प्रश्न सापडला, हिशोबातून उत्तर पक्कं झालं.

आपल्या गटाला हे एका महिन्यात जमेल.

पहिल्या बैठकीत सगळ्या जणींना दोनच प्रश्न विचारा. हवामानाचा किंवा पीक विम्याचा शेवटचा मेसेज तू स्वतः पाहिलास का? त्याच दिवशी पाहिलास का? उत्तरांच्या रेघा ओढा. मोठ्यानं बोलणाऱ्या चौघींवरून सगळ्या गटाचं ठरवू नका. मागं बसलेलीची रेघही ओढा.

मग पाहिलेल्या दोघी-तिघी आणि न पाहिलेल्या दोघी-तिघी निवडा. त्यांच्याशी एकेकटं बोला. सासू किंवा नवरा समोर असेल तर खरं बाहेर येत नाही. "का पाहिला नाहीस?" असं विचारलं की बाई गप्प होते. "त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?" असं विचारा. तिच्याच शब्दांत लिहा. नाव लिहू नका.

एखादीनं सांगितलं, "पोरगा मोबाईल घेऊन कॉलेजला जातो," तर पुढच्या बैठकीत तेही मोजा. एकीचीच अडचण आहे की बऱ्याच जणींची?

कधी आकडा एक सांगेल आणि बाई दुसरंच. बैठकीत म्हणाली मोबाईल माझा, घरी म्हणाली तो दीराकडे असतो. तिला खोटी ठरवू नका. दोन्ही लिहा. जिथं मेळ बसत नाही, तिथंच बहुतेक खरी अडचण असते.

हे दोन्ही घेऊन ग्रामसभेत जा. नुसती गोष्ट सांगितली तर म्हणतील, ही एकटीची तक्रार आहे. नुसता आकडा दिला तर म्हणतील, बघू. दोन्ही समोर ठेवले तर मागणीही नेमकी करता येते: शेतात राबणाऱ्या बाईचा नंबरही यादीत घ्या, मेसेज आला की गावाच्या भोंग्यावरून सांगा.

पुढच्या फवारणीआधी एवढं करून बघू. येते मैत्रिणींनो, नमस्कार.