आईलाही एक वर्ग हवा



मुख्याध्यापक सरांनी पत्रात विषय कळवला होता, 'परदेशातील संधी आणि विद्यार्थ्यांची तयारी'. त्याची टिपणं मी आणली आहेत. पण समोर पहिल्याच रांगेत आमचे पुस्तपालनाचे सर बसलेत. त्यांना पाहिल्यावर टिपणं वाचण्यात मन लागेना. सर, तेरीज जुळल्याशिवाय तुम्ही कुणाला बाकावरून उठू देत नव्हता. शेवटची एसटी चुकेल म्हणून तांबव्याच्या मुली रडकुंडीला यायच्या, मग तुम्ही स्वतः त्यांना स्टँडवर सोडायला जायचात. आणि बाई, परिपाठात रोज एकीने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं, हा तुमचा नियम. अडखळलेल्या मुलीला हसलेलं तुम्हाला खपायचं नाही. माझं पुढचं सगळं आयुष्य या दोन नियमांवर उभं राहिलं.

2009 साली आम्ही कॅनडातल्या माँट्रियलला गेलो. क्वेबेक प्रांतातलं ते सर्वांत मोठं शहर, आणि प्रांताची राजभाषा फ्रेंच. 1977 च्या भाषा कायद्यामुळे बाहेरून आलेल्यांच्या मुलांनी, थोडे अपवाद सोडले तर, फ्रेंच शाळेतच जायचं असतं. नव्या मुलांसाठी शाळेत वेगळे स्वागतवर्ग असतात. माझी मुलगी तिथे पाहता पाहता बोलायला लागली. शाळेच्या सूचना घरी आल्या की ती मला वाचून दाखवायची. पालकसभेत तिच्या बाई बोलायच्या आणि माझी सहा वर्षांची पोर मला मराठीत सांगायची. स्वतःच्याच प्रगतीबद्दल! लेकराने आईचं दुभाषेपण करायचं, हे मला सहन झालं नाही.

आम्ही पार्क एक्स्टेन्शन भागात राहत होतो. तिथे पंजाबी, गुजराती, तमिळ, बंगाली, सगळे भेटतात. हिंदी आणि थोड्या इंग्रजीवर भाजी मिळते, घर मिळतं, कारखान्यात कामही मिळतं. त्यामुळे कित्येक बायका वर्षानुवर्षं तेवढ्यावरच राहतात. शेजारच्या एका पंजाबी काकूंनी मला प्रौढ शिक्षण केंद्राचा पत्ता दिला. तिथे आधी तोंडी आणि लेखी चाचणी घेतात आणि आपली पातळी ठरवतात. त्यांच्या मोजपट्टीत बारा पायऱ्या आहेत, मी अर्थातच पहिलीवर होते. शिक्षण मोफत. पूर्णवेळ वर्गाला बसणाऱ्या स्थलांतरितांना सरकार अटींनुसार भत्ताही देतं. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांच्या जिल्ह्यातल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची सुरुवात 1919 साली आपल्याच कराड तालुक्यातल्या काल्यात झाली, आणि शिकणाऱ्याच्या पोटाची काळजी आधी घ्यावी लागते हे अण्णांनी आपल्याला तेव्हाच शिकवलंय.

आमच्या वर्गात कोलंबियाचा इंजिनिअर होता, इराणची औषधशास्त्र शिकलेली मुलगी होती, नातवंडं सांभाळायला आलेल्या चिनी आजी होत्या. व्याकरणाआधी आम्ही दवाखान्यात फोन करून वेळ घ्यायला शिकलो. मग घराचा भाडेकरार वाचायला. तिथे बहुतेक करार 30 जूनला संपतात आणि 1 जुलैला सगळं शहर सामान हलवत असतं, तेव्हा त्या कागदात काय लिहिलंय हे कळायलाच हवं. आजींना एक एक शब्द जुळवायला वेळ लागायचा आणि सगळा वर्ग गप्प थांबायचा. बाई, त्या वेळी मला आपला परिपाठ दिसायचा.

पुढे मी तिथला हिशेबनिशीचा व्यवसाय शिक्षणाचा अभ्यासक्रम केला, 1350 तासांचा. किर्द, खतावणी, तेरीज, सगळं सरांनी करून घेतलेलं होतं, फक्त भाषा नवी होती. आज मी तेच काम करते. कामाबद्दल आणखी बोलत नाही, कारण सांगायचं आहे ते दुसरंच.

मुलांनो, जिथे राहाल तिथली भाषा शिका. पुण्याला जा, बेंगळुरूला जा, जर्मनीला जा, पहिल्या वर्षीच शिकायला लागा. आणि वर्गात बसून शिका. मोबाइलवर शब्द पाठ होतात, पण तुमचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारी माणसं वर्गातच भेटतात. इंग्रजीवर भागतं, असं तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. पण क्वेबेकमध्ये व्यवसायाला पुरेशी फ्रेंच आल्याशिवाय नर्सला किंवा इंजिनिअरला तिथली व्यावसायिक संस्था कायमचा परवाना देत नाही. मोठ्या पदव्या घेतलेली माणसं तेवढ्यासाठी वर्षानुवर्षं गोदामात खोकी उचलताना मी पाहिली आहेत. पण परवाना ही लहान गोष्ट झाली. ज्या गावाचं पाणी पितो, त्या गावातल्या माणसाशी त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोलता येऊ नयेत, हे मला माणूस म्हणून अपुरं वाटतं. मी हे पुन्हा सांगते, तिथली भाषा शिका.

आणि ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांनी वर्ग चालू ठेवावेत. जून 2023 मध्ये क्वेबेकने फ्रेंच शिकण्यासाठी सगळ्यांना एकच खिडकी उघडली, चांगलं केलं. पण 2024 च्या शरद ऋतूत पैसे पुरत नाहीत म्हणून कितीतरी केंद्रांतले वर्ग बंद झाले. शिका असंही म्हणायचं आणि वर्गाला कुलूपही लावायचं, याचा मला अजून राग आहे.

आता समोर उजवीकडे बसलेल्या तुम्हा ताई-वहिनींशी बोलते. मघाशी पोवाडा म्हटला ती मुलगी वीटभट्टीवरच्या कुटुंबातली, घरी भोजपुरी बोलणारी, असं सरांनी सांगितलं. काय आवाज आहे तिचा! तिची आई इथे बसली आहे. प्रगतिपुस्तक घेताना तिच्यासाठी कोण बोलतं? तीच मुलगी. कन्नड बोलणाऱ्या घरांतही हेच चालतं. माँट्रियलमध्ये मी जिथे बसले होते, तिथेच या आया आज बसल्या आहेत.

आपल्या सातारा जिल्ह्याला हे काम नवीन नाही. 1959 साली ग्रामशिक्षण मोहीम इथूनच सुरू झाली. दिवसभर रानात राबलेली माणसं रात्री कंदिलाच्या उजेडात पाटीवर अक्षरं गिरवत होती. माझी आजी त्यातच वाचायला शिकली आणि गाव साक्षर झाल्यावर भरलेल्या ग्रामगौरव समारंभाला नवं लुगडं नेसून गेली.

म्हणून काल मुख्याध्यापक सरांशी आणि संस्थेच्या अध्यक्षांशी बोलले. शाळेची तळमजल्यावरची एक खोली संध्याकाळी सात ते साडेआठ उघडी राहील. बोलायला आणि वाचायला मराठी शिकवायची, दवाखान्याचा कागद, रेशनचा कागद, शाळेची सूचना यांपासून सुरुवात. शिकवणाऱ्यांचं मानधन आणि विजेचा खर्च पहिली दोन वर्षं मी देईन. आमच्या बाईंनी आठवड्यातून दोन दिवस यायचं कबूल केलंय. लहान मुलांना बरोबर आणलं तरी चालेल, त्यांच्यासाठी शेजारचा वर्ग उघडा ठेवू. नावनोंदणीची वही ऑफिसबाहेरच्या टेबलावर आहे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची नावं दहावीच्या मुली लिहून घेतील. जेवणाआधी वहीपाशी जाऊन या.