चालायला जातो, कामाला नाही



आज चालण्याबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, आम्हाला काय चालणं शिकवता बाई! बरोबर आहे. सकाळी वावरात, नळ नाही आला तर हापशीवर, दुपारी भाकर पोचवायला पुन्हा वावरात, संध्याकाळी डोक्यावर इंधनाचा भारा. पायांना आपल्या सुट्टी नाही. पण या सगळ्या चालण्याला एकेक काम बांधलेलं असतं. रिकाम्या हातानं घराबाहेर पडलं की ओट्यावरच्या चार जणी विचारतात, "कुठी चालली वं?" वावरात म्हटलं की प्रश्न मिटतो. "अशीच, फिरायला" म्हटलं की दुसरा प्रश्न सुरू होतो.

आपल्या महाराष्ट्रात अशी मंडळं आहेत की ज्यांचं कामच मुळी असंच फिरायला जाणं हे आहे. डोंगरभटक्यांची मंडळं म्हणा. मुंबईचं गिरिविहार १९५४ सालचं. पुण्याचं गिरिप्रेमी १९८२ सालचं. गिरिप्रेमीचे आठ जण २०१२ साली एकाच मोहिमेत एव्हरेस्टवर पोचले, तेव्हा त्यांचं मोठं नाव झालं. पण त्या मंडळाच्या संस्थापक अध्यक्ष उष:प्रभा पागे, म्हणजे एक बाई, ही गोष्ट आपल्याकडे किती जणींना माहीत आहे? आणि एव्हरेस्टच्या आधी तीस वर्षं हे लोक जवळपासचे गड चढत होते, हेही विसरायचं नाही.

या मंडळांचं वर्ष कसं जातं ते सांगते. पावसाळा लागला की त्यांची लगबग. हिरवे डोंगर, धबधबे, ढगात बुडालेले किल्ले. पाऊस ओसरला की दोन-दोन, तीन-तीन दिवसांची पायपीट, गडावर मुक्काम, चुलीवरची खिचडी. थंडीत खडक कोरडा असतो, म्हणून दोर लावून कडे आणि सुळके चढायचे ते तेव्हा. उन्हाळ्यात ज्यांना जमेल ते हिमालयात. मधूनमधून गडावरची पाण्याची टाकी साफ करणं, कुणी वाट चुकलं तर शोधायला जाणं, हेही असतं. आणि हे सगळं आधी ठरतं. कोणत्या महिन्यात कुठं, कोण पुढं राहणार, खर्च किती, याची यादी तयार असते.

मला त्या यादीचं फार मोल वाटतं. आपल्या बचत गटाचंच बघा ना. सुरुवातीला बैठकीला जायचं म्हटलं की घरात किती चौकशी व्हायची. आता कोणी विचारत नाही, कारण महिन्याची तारीख ठरलेली आहे आणि ती घरादाराला पाठ आहे. तारीख ठरलेली असली की विचारावं लागत नाही, नुसतं सांगावं लागतं. फिरण्याचंही तसंच होऊ शकतं. आठ-दहा जणींनी बसून वर्षाची यादी केली की झालं मंडळ. त्याला ऑफिस लागत नाही की पाटी लागत नाही.

मात्र पुण्या-मुंबईची यादी आपल्याला उतरवून घेता येणार नाही. त्यांचा भर पावसाळ्यावर आणि आपला पावसाळा वावरात जातो. मृग लागला की पेरणी, मग डवरणी, निंदण. शिवाय त्यांच्याकडे पायाखाली खडक असतो, आपल्याकडे काळी माती. पाऊस पडल्यावर पांदणीतून शंभर पावलं टाकून बघा. चपलेला एवढा चिखल धरतो की पाय पायलीएवढा होतो, आणि चप्पल मागंच राहते! त्यात जूनमधल्या विजा. आभाळ गडगडायला लागलं की एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही, पक्क्या घरात जायचं, हे पोराबाळांनाही सांगून ठेवा. पुण्याच्या संस्थेनं काढलेलं दामिनी नावाचं ॲप मोबाईलवर आहे, ते जवळपास वीज पडण्याची शक्यता असली तर आधी सूचना देतं. तर जून ते ऑगस्ट आपली यादी कोरी. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पोळा झाला, महालक्ष्म्या जेवल्या, की पहिली उसंत मिळते. आणि मग नवरात्र. नवरात्रात पहाटे चार वाजता अंधारात बाया घोळक्यानं देवीला निघतात, काही जणी अनवाणी. त्या वेळी कोणी विचारतं का, कुठी चालली म्हणून? शेगावच्या पायदळ वारीला बाया चार-चार दिवस घराबाहेर राहतात, शाळेत नाहीतर मंदिरात झोपतात, आणि घरचे लोक उलट पाया पडून निरोप देतात. तिकडे नगर जिल्ह्यात कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. तिथंही नवरात्रात बाया लोखंडी शिड्या चढून वर देवीला जातात. म्हणजे बाईनं लांब चालावं, उंच चढावं, रात्री बाहेर राहावं, याला गावाची ना नाही. कारण तेवढं देवाचं लागतं. मी म्हणते, या वाटेनंच सुरुवात करू. नवरात्रातल्या एका पहाटे दर्शन झाल्यावर लगेच घरी न येता तासभर पुढं चालत जाऊ. ती आपल्या वर्षातली पहिली फेरी.

पुढं सोयाबीनची सोंगणी आणि मग कापसाचा वेचा. वेचा किलोवर असतो. एक दिवस गेला की त्या दिवसाचे पैसे गेले, आणि घरातल्या कितीतरी गोष्टी त्याच पैशांवर चालतात. म्हणून ज्या कोणी सांगतात की "स्वतःसाठी एक दिवस काढा", त्यांनी तो दिवस कुठून काढायचा तेही सांगावं. मला एकच जागा दिसते, आठवडी बाजाराचा दिवस. त्या दिवशी बहुतेक ठिकाणी मजुरीला खाडा असतो. बाजार दुपारनंतर भरात येतो, सकाळचे तीन तास आपले. थंडीच्या दिवसांत महिन्यातून एक बाजार असा धरला तरी चार फेऱ्या होतात. एक फेरी कारंज्याचीच करा. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस, अशा जुन्या चारी वेशी पायी फिरून या. गुरुमंदिराला आपण कितीदा जातो, पण वेशीखालून जाताना मान वर करून बघितलंय का कधी?

तुरी घरात आल्या, हरभरा निघाला, की माघ-फाल्गुनातला काळ सगळ्यात चांगला. पळस फुललेला असतो, गवत सुकून वाटा मोकळ्या होतात, सकाळी गारवा असतो. आपल्या तालुक्यातच कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं. लांबून लोक काळवीट बघायला येतात आणि आपण फक्त त्यांना शिव्या घालतो, कारण हरभरा त्यांनी खाल्लेला असतो, नाहीतर रोह्यांनी. शिव्या घालायला माझी हरकत नाही, नुकसान आपलंच होतं. पण एकदा त्या गवतात शांत उभं राहून काळ्या नराची उडी बघा. जाण्याआधी वन विभागाकडे चौकशी करायची, वेळ आणि परवानगी विचारायची. जंगलात आपल्या मनानं घुसायचं नाही.

आता एक गोष्ट जरा सविस्तर बोलते, कारण ती पुरुषांच्या मंडळांच्या यादीत सहसा नसते. पाणी. आपण घराबाहेर पडताना पाणी पीत नाही. प्यायलं तर जायला लागेल, आणि जायचं कुठं? म्हणून सकाळपासून घसा कोरडा ठेवून बाया वावरात राबतात. मग डोकं दुखतं, चक्कर येते, लघवीला जळजळ होते, आणि आपण म्हणतो ऊन लागलं. फेरीच्या दिवशी हे चालणार नाही. निघताना पाणी प्यायचं, वाटेत दर अर्ध्या तासाला थोडं थोडं प्यायचं. आणि ज्या बाईकडे वाट ठरवण्याचं काम असेल तिनं आडोशाची जागा आधीच हेरून ठेवायची, शाळा, मंदिर, ओळखीचं घर, काहीच नसेल तर झुडपामागं दोघींनी दुपट्टा धरून उभं राहायचं. पाळी असेल तिनं घरी थांबायची गरज नाही. एक जादा कापड किंवा पॅड पिशवीत आणि वापरलेलं परत आणायला एक वेगळी पिशवी, एवढं पुरे. एकमेकींशी हे एकदा मोकळेपणानं बोललं की पुढच्या फेरीला दोन जणी जास्त येतात.

साखर-मिठाचं पाणीही बरोबर ठेवा. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. यात अंदाजपंचे नको, मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

भटक्या मंडळांकडून घ्यावी अशी आणखी एक रीत आहे. चालताना एक बाई सगळ्यांच्या पुढं, एक सगळ्यांच्या मागं. पुढचीला वाट माहीत हवी. मागचीच्या मागं कोणी राहायचं नाही. ज्या बाईचे गुडघे दुखतात तिच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं, तरण्याताठ्या सुनांनी पुढं पळायचं नाही. थांबलो की डोकी मोजायची. किती गेलो, किती परत येणार, हे गावात एकीकडे लिहून ठेवायचं. माझं स्वतःचं मत विचाराल तर मागची बाई पुढचीपेक्षा शहाणी हवी, कारण थकलेलीशी बोलायचं काम तिला असतं.

पायात बूट हवेत, साधे कॅनव्हासचे चालतील. हातात काठी, गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटायची. तरीही साप चावलाच तर चिरा द्यायचा नाही, तोंडानं ओढायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. त्या बाईला चालू द्यायचं नाही, चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन लावायचा आणि सापाची लस असेल अशा सरकारी दवाखान्यात थेट न्यायचं. हे वावरातही लागू आहे, म्हणून नीट ऐकून ठेवा.

वर्षातून एक मोठी फेरी हवी. माझ्या मनात नरनाळा आहे, अकोट तालुक्यातला. पायथ्याला शहानूर गाव, वर सातपुड्याच्या डोंगरात पसरलेला किल्ला. त्याचा महाकाली दरवाजा १४८७ सालचा, दगडात कोरलेली अक्षरं आणि नक्षी अशी की बघत राहावं. वर जुने तलाव आहेत, त्यातला एक शक्कर तलाव. हा भाग व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात येतो, म्हणून इथंही वन विभागाचे नियम आणि वेळा पाळायच्या. जायचं कसं? कारंजाहून मूर्तिजापूर, अकोला, अकोट असं एसटीनं. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीटच नाही. पैशाची अडचण तेवढी मोठी राहिली नाही.

अडचण वेगळी आहे. एसटीनं जाऊन-येऊन एका दिवसात हे होत नाही, अकोटला मुक्काम करावा लागतो. लग्न नाही, मयत नाही, बाळंतपण नाही, देव नाही, आणि तरी एक रात्र घराबाहेर. यादीतली ही ओळ सगळ्यात अवघड. म्हणून ती वर्षाच्या शेवटी ठेवायची, चार-सहा फेऱ्या झाल्यावर. आणि सासवांना बरोबर घ्या. हसू नका. सासू आली की सुनेची परवानगी आपोआप येते, आणि खरं सांगायचं तर घरात अडकून पडण्यात तिची वर्षं आपल्यापेक्षा जास्त गेलेली असतात.

वयाचं म्हणाल तर जमशेदपूरच्या प्रेमलता अग्रवाल, घर सांभाळणारी बाई, दोन मुलींची आई, २०११ साली ४८व्या वर्षी एव्हरेस्टवर गेल्या. डोंगर चढायला त्यांनी सुरुवात केली ती पस्तिशीनंतर. २०२२ मध्ये बचेंद्री पाल यांच्याबरोबर पन्नाशी ओलांडलेल्या बाया अरुणाचल ते लडाख असा हिमालय पायी चालल्या, साडेचार हजार किलोमीटरच्या वर, जवळपास पाच महिने. त्यात आपल्या नागपूरच्या बिमला नेगी-देऊस्कर होत्या. आणि तरण्या पोरींसाठी सांगायचं तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट चढली, त्यात मनीषा धुर्वे ही मुलगी होती. आपल्याला कुठं एव्हरेस्टला जायचंय! पण घरात कोणी म्हटलं की "या वयात काय फिरणं", तर ही नावं तोंडावर असू द्या.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडचं ऊन माणसाला भाजून काढतं, तेव्हा लांबच्या फेऱ्या बंद. फार तर पौर्णिमेच्या रात्री गावालगतच्या डांबरी रस्त्यानं, टॉर्च घेऊन, सगळ्या मिळून. चांदण्यात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेली उघडी वावरं कशी दिसतात ते सोबतीशिवाय बघायला मिळत नाही.

तर येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की रजिस्टरचं मागचं कोरं पान काढा. बारा महिने लिहा. जून, जुलै, ऑगस्टवर रेघ मारा. बाकीच्या महिन्यांपुढं बाजाराचा एकेक दिवस आणि जागेचं नाव लिहा, पुढची कोण आणि मागची कोण तेही लिहा. लिहिता येत असेल तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवा आणि खाली सगळ्यांच्या सह्या, नाहीतर अंगठे घ्या. पहिल्या फेरीला येताना प्रत्येकीनं पाण्याची बाटली, काठी आणि दोन भाकरी आणायच्या. ठेचा एकीनंच सगळ्यांसाठी आणावा, नाहीतर दहा जणींचे दहा ठेचे होतात आणि चालणं राहून चवीवरून भांडण लागतं.