यंत्राच्या गाभ्याची जुळणी



भिवंडींत राहणाऱ्या माणसाला मागांचा खडखडाट ऐकूं येईनासा होतो. तो थांबला म्हणजे मात्र जाग येते. गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं मला अशीच जाग आली. वीज गेली होती. सुमारें तीन तासांनीं ती परत आली, माग सुरू झाले आणि मला पुन्हां झोप लागली. त्या तीन तासांनीं एका कामगाराच्या मजुरीचा घोटाळा कसा झाला, आणि त्याचें मूळ एका लहानशा संगणकाच्या गाभ्याच्या जुळणींत कसें सांपडलें, तें आज आपणांस सांगावयाचें आहे. मी या शास्त्रांतला पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेंत मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यांत माझा जन्म गेला. हा विषय मला निवृत्तीनंतर माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें शिकविला. तेव्हां शिष्याचा शिष्य या नात्यानेंच मी बोलतों आहें.

हा विद्यार्थी कामतघरच्या बाजूस आठ यंत्रमाग चालवितो. विणकराची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते, आणि मोजणीवरून तंटे होतात. ते मिटावे म्हणून त्यानें एक युक्ति योजिली. मागाचा मुख्य दांडा एकदां फिरला कीं धोटा एकदां जातो आणि बाण्याचा एक धागा पडतो. त्याला कारखान्यांत ‘पीक’ म्हणतात. दांड्यावर लोहचुंबक बसवावा, समोर त्याची चाहूल घेणारा संवेदक ठेवावा, आणि फेरे मोजण्याचें काम पत्त्याएवढ्या संगणकाकडे द्यावें. पाळ्या बारा बारा तासांच्या. सकाळचे आठ वाजले कीं संगणकानें रात्रपाळीच्या माणसाचें खातें मिटून दिवसपाळीच्या माणसाचें उघडावें, अशी ही योजना होती.

या संगणकावर लिनक्स नांवाची ऑपरेटिंग सिस्टिम चालते. तिच्या मध्यभागीं जो भाग असतो त्याला कर्नेल म्हणतात. हा फौजेंतला कर्नल नव्हे. कर्नेल म्हणजे गर, गाभा. आपण वापरतों ते प्रोग्राम यंत्राच्या अवयवांना स्वतः हात लावीत नाहींत. स्मृति कोणाला किती द्यावयाची, कार्डावर काय लिहावयाचें, तारेवरून आलेली खूण कोणाकडे पोंचवावयाची, हा सर्व कारभार गाभा पाहतो. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तो आपल्या घरच्या ३८६ जातीच्या संगणकासाठीं लिहावयास घेतला. आज तोच गाभा अँड्रॉइड फोनांपासून महासंगणकांपर्यंत चालतो. पण ‘तोच’ म्हणजे जसाच्या तसा नव्हे. जुन्नरी साडीसाठीं लावलेल्या मागावर जसें धोतर निघत नाहीं, तसा एका यंत्रासाठीं जुळविलेला गाभा दुसऱ्या यंत्रावर चालेलच असें नाहीं.

ही जुळणी म्हणजे एक लांबलचक प्रश्नपत्रिकाच आहे. तींत हजारों प्रश्न असतात. अमक्या चिपशीं बोलण्याचें कौशल्य हवें काय? अमक्या पद्धतीनें लिहिलेलें कार्ड वाचतां यावें काय? उत्तरें तीन प्रकारचीं. ‘होय’ म्हटलें तर तें कौशल्य गाभ्यांतच विणलें जातें. ‘नाहीं’ म्हटलें तर तें वगळलें जातें. तिसरें उत्तर असें, कीं तें निराळा तुकडा म्हणून कार्डावर ठेवावें आणि लागेल तेव्हां उचलावें. हा तिसरा मार्ग सोयीचा खरा, पण आम्हीं पहिल्याच दिवशीं त्यांत ठेंच खाल्ली. कार्ड वाचण्याचें कौशल्यच आम्हीं तुकडा म्हणून त्या कार्डावर ठेविलें. किल्ली पेटींत टाकून पेटीला कुलूप लावण्यासारखेंच तें झालें! संगणक सुरू होतां होतांच थांबला. जुना गाभा दुसऱ्या नांवानें जपून ठेविला होता, म्हणून निभावलें.

सर्व प्रश्न स्वतः सोडविण्याची गरज नसते. यंत्र बनविणारे बहुधा त्या यंत्राची तयार उत्तरपत्रिका देतात. तिच्यांत आपण आपल्यापुरती दुरुस्ती करावयाची. माझ्या शिष्याला नव्या गोष्टींची हौस फार. नोव्हेंबर २०२४ मध्यें निघालेल्या ६.१२ या आवृत्तीपासून लिनक्सच्या मूळ गाभ्यांत अत्यंत तातडीच्या कामांसाठीं एक सोय आली आहे. ती घ्यावी असा त्याचा आग्रह होता. मीं म्हटलें, “अरे, माग मिनिटाला दीडशें फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला अडीच. एवढ्यासाठीं घोडेस्वार कशाला पाठवितोस?” तें त्याला पटलें. मलाही मग छाटणीची गोडी लागली. घड्याळाच्या चिपांविषयींचे प्रश्न आले तेव्हां मीं विचारलें, “या पट्टीवर घड्याळाची चिप आहे काय?” तो म्हणाला, “नाहीं, गुरुजी.” मीं सर्वांना ‘नाहीं’ लिहिलें. उत्तर तर्काला धरून होतें, आणि तेथेंच माझी चूक झाली.

त्या रात्रीनंतर दिवसपाळीच्या विणकराच्या खात्यांत कापड कमी भरलें. तो सरळ माझ्या घरीं आला. म्हणाला, “गुरुजी, माग माझ्या हातांत असतांना कापड दुसऱ्याच्या नांवावर कसें विणलें जातें?” मालक असलेला माझा विद्यार्थी म्हणत होता कीं यंत्र खोटें बोलत नाहीं. मीं दोघांनाही बसविलें आणि नोंदी काढावयास सांगितल्या. एकूण फेरे बरोबर होते. वेळ तेवढी चुकली होती.

कारण असें. बॅटरीवर चालणारें घड्याळ नसलेला संगणक वीज गेल्यावर काळ विसरतो. इंटरनेट असेल तर तो जागा होतांच वेळ विचारून घेतो. कारखान्यांत तें नव्हतें. मग तो शेवटीं लिहून ठेविलेली वेळ खरी मानून पुढें चालूं लागतो. आमचा संगणक अशा रीतीनें तीन तास मागें राहिला. सकाळीं आठाला नवा माणूस मागावर आला तेव्हां यंत्राच्या लेखीं पांच वाजले होते. अकरापर्यंतचें त्याचें सारें काम रात्रपाळीच्या नांवें पडलें. हिशेब दुरुस्त करून विद्यार्थ्यानें त्याला त्याचे पैसे त्याच दिवशीं दिले.

मग आम्हीं डीएस३२३१ नांवाची घड्याळाची चिप आणली आणि तिच्यासोबत नाण्याएवढा सेल बसविला. तरीही वेळ येईना! येथें मला या विद्येंतील मुख्य गोष्ट कळली. गाभ्याला दोन गोष्टी लागतात: कौशल्य आणि ओळख. कौशल्य म्हणजे मीं ‘नाहीं’ लिहिलेला तो प्रश्न. यादींत तो डीएस१३०७ या भावंडाच्या नांवाखालीं आहे. त्याला ‘होय’ लिहिलें. राहिली ओळख. यूएसबीचें उपकरण जोडतांच आपलें नांव स्वतः सांगतें; पण आयटूसी नांवाच्या दोन तारांवर बसलेली चिप विचारल्यावांचून बोलत नाहीं. ती तेथें आहे हें गाभ्याला आधीं लिहून द्यावें लागतें. त्या लेखाला ‘डिव्हाइस ट्री’ म्हणतात. यंत्राची वंशावळच म्हणाना. तींत आम्हीं लिहिलें कीं या तारेवर, सोळाच्या पायावरील गणतीनें ६८ या पत्त्यावर, अमुक घड्याळ राहतें. त्यानंतर वीज मुद्दाम चार वेळां घालविली. चारही वेळां वेळ बरोबर आली.

हेंच काम मोठ्या प्रमाणावर आपल्या जवळच, पवईस झालें आहे. ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांच्या हस्तें ‘आकाश’ या स्वस्त टॅब्लेटची दुसरी आवृत्ति प्रसिद्ध झाली. तींत ए१३ नांवाची चिप होती आणि ५१२ मेगाबाइट स्मृति. टॅब्लेट येई ती अँड्रॉइडसह. आयआयटी मुंबईच्या मंडळींनीं त्या चिपसाठीं गाभा जुळवून तिच्यावर संपूर्ण लिनक्स चालविलें, आणि तें कार्डावरून सुरू होई अशी व्यवस्था केली. यंत्राची माहिती खुली असली म्हणजे बनविणाऱ्यानें न योजिलेलें कामही त्याच्याकडून घेतां येतें. ती लपवून ठेविली तर धडधाकट यंत्रही लौकरच अडगळींत पडतें.

आपल्या मुलांपैकीं कोणी या वाटेला लागलें, तर त्यास माझ्या तीन सूचना सांगाव्या. जुना चालणारा गाभा कधीं पुसूं नये. एका वेळीं एकच उत्तर बदलावें आणि काय बदललें तें वहींत टिपावें. आणि ‘नाहीं’ लिहिण्यापूर्वीं केवळ यंत्रांत काय आहे एवढेंच पाहूं नये. तें कोठें चालणार, तेथें वीज जाते काय, आणि त्याच्या आंकड्यावर कोणाचें पोट आहे, हेंही विचारावें. मीं पहिला प्रश्न विचारला, उरलेले विचारले नाहींत. तो विणकर तक्रार घेऊन आला नसता, तर ही चूक मला कधींच कळली नसती.